कॅम्परव्हॅनमधली अंघोळ आणि टाकीतलं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं टेंपो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली व्हॅन, १०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप आणि दोन माणसं असं धरून दिली आहेत. टाकी लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला. बोटीवाल्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

एका अंघोळीला किती पाणी धरायचं?

आठ लिटर. सराव झाला की पाच.

घरच्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडतं. सात मिनिटं उभं राहिलं की साठ-सत्तर लिटर गेलं, म्हणजे व्हॅनची अर्ध्याहून जास्त टाकी एका माणसाने संपवली. पाच लिटरची अंघोळ अशी बसते: मिनिटाला अडीच लिटर सोडणारा शॉवर, ३० सेकंद अंग भिजवायला, मग शॉवर बंद. साबण लावून, अंग चोळून झाल्यावर ९० सेकंद धुवायला. पाणी चालू राहतं ती एकूण दोन मिनिटं. बंद ठेवायला हवी तितकी मिनिटं घ्या, त्याचा हिशोब कोणी मागत नाही. नौदलाच्या जहाजांवर फार पूर्वीपासून हीच पद्धत आहे आणि त्यावरूनच तिला 'नेव्ही शॉवर' म्हणतात.

१०० लिटरची टाकी दोघांना चार दिवस पुरेल?

पुरते, पण प्यायचं पाणी वेगळं ठेवलं तरच.

दोघांचा रोजचा खर्च साधारण असा: पिण्याला ६ लिटर, स्वयंपाकाला ४, भांड्यांना ५, हात-तोंड-दातांना ४, संडासला ४. हे झाले २३. त्यात आठ-आठ लिटरच्या दोन अंघोळी मिळवल्या की ३९. टाकीच्या तळाचे पाचेक लिटर पंपाला ओढता येत नाहीत, तेव्हा हातात ९५. भागाकार केला तर अडीच दिवससुद्धा भरत नाहीत.

आता पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी २० लिटरच्या दोन जारमधून घ्या आणि अंघोळ पाच लिटरवर आणा. टाकीवरचा रोजचा भार २३ लिटरवर येतो आणि चार दिवस निघतात. त्यातही एखाद्या दिवशी नुसता पंचा ओला करून अंग पुसलं, तर दीड लिटरमध्ये भागतं. थंडीत ते चालून जातं. मे महिन्यात कोकणात मात्र कोणी ऐकणार नाही.

पाणी वाचवणारा शॉवर बसवला की काम झालं ना?

अर्धंच. विकत आणण्याआधी आहे तो मोजा. लिटरची खूण असलेलं भांडं शॉवरखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. २० सेकंदांत एक लिटर भरलं तर मिनिटाला तीन लिटर, १० सेकंदांत भरलं तर सहा.

प्रवाह कमी करायला नवा शॉवर लागतोच असं नाही. हातातल्या शॉवरच्या नळीत, जिथे रबरी वायसर बसतो तिथे, त्याच मापाची स्टीलची चकती टाकायची आणि तिला मधोमध भोक पाडायचं. पंपाचा दाब दोन बारच्या आसपास असेल, तर २ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण अडीच लिटर पाणी जातं आणि २.२ मिलिमीटरमधून तीन. भोकाची धार कानशीने घासून घ्या, नाहीतर तिथे कचरा अडकतो. चकती रबरी वायसरच्या जागी नाही, त्याच्या जोडीला बसवायची. रबर काढून टाकलं की आटे गळतात.

धुक्यासारखा बारीक फवारा देणारे शॉवर मिनिटाला लिटरभरच पाणी घेतात, पण ते आम्ही सुचवत नाही. इतके बारीक थेंब अंगावर येईपर्यंत गार होतात आणि केसांतला फेस त्यांनी निघत नाही. मग माणूस तिप्पट वेळ उभा राहतो. वाचलेलं पाणी तिथेच संपतं.

शॉवर बरा की बादली-तांब्या?

पाण्याच्या हिशोबात बादली-तांब्या, यात शंका नाही. बादलीत आठ लिटर घेतले की नववा लिटर येणार नाही. शॉवरला ही लाज नसते.

अडचण जागेची आहे. व्हॅनची मोरी दोन फूट बाय अडीच फूट, त्यात वाकून तांब्या उपसताना कोपर भिंतीवर आपटतं आणि पाणी पडद्याबाहेर उडतं. म्हणून मधला मार्ग आम्हाला सगळ्यात पटतो: बादलीत मोजून कोमट पाणी घ्या, त्यात लहान बुडता पंप सोडा आणि त्याची नळी हातातल्या शॉवरला जोडा. १२ व्होल्टचा किंवा चार्जिंगवर चालणारा पंप चालतो, मिनिटाला अडीच-तीन लिटर देणारा पुरे. बादलीत हात घालून गरम-गार पाणी एकदाच जुळवून घ्यायचं. गरम येईपर्यंत थांबणं नाही, मधे बंद केलं तरी तापमान बदलत नाही, आणि किती उरलंय ते डोळ्यांसमोर दिसतं. बादली उंच आणि अरुंद घ्या. पसरट बादलीत तळाचा लिटरभर पंपाला मिळत नाही, तो शेवटी तांब्यानेच अंगावर घ्यावा लागतो. पंप कोरडा फिरू देऊ नका. बुडते पंप पाण्याने थंड राहतात, कोरडे चालले की जळतात.

गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, त्याचं काय करायचं?

आधी ते किती आहे ते बघा. अर्ध्या इंची पाइपमध्ये मीटरला सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं. गिझरपासून शॉवरपर्यंत चार मीटर पाइप असेल तर अर्धा लिटर आतच गार पडलेलं असतं. त्यात गॅस गिझर पेटून तापायला लागणारे दहा-पंधरा सेकंद मिळवा. प्रत्येक अंघोळीला लिटर-सव्वा लिटर जातं. पाच लिटरच्या अंघोळीत हे फार झालं.

सोपा उपाय म्हणजे शॉवरच्या तोंडाशी पातेलं धरायचं. ते पाणी भांड्यांना जातं.

कायमचा उपाय थोडा प्लंबिंगचा आहे:

१. गरम लाइनवर, शॉवरच्या शक्य तितक्या जवळ, तीन तोंडांचा कॉक बसवा.
२. त्याचं एक तोंड शॉवरकडे, दुसरं परतीच्या नळीने टाकीकडे. ही नळी टाकीच्या वरच्या भागात, पाण्याच्या पातळीच्या वर सोडा, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं येणार नाही.
३. अंघोळीआधी कॉक 'परत'वर ठेवून पंप चालू करा. कॉकजवळचा पाइप हाताला गरम लागला की तोंड शॉवरकडे फिरवा.

परतीची नळी पिण्याच्या पाण्याला चालणारीच घ्या, बागेची हिरवी नळी नको. आणि कॉक 'परत'वर विसरू नका: पाच मिनिटांत गिझरमधलं गरम पाणी सगळ्या टाकीत पसरतं, गॅसही जातो आणि कोमट टाकीत जंतूही लवकर वाढतात.

साबण लावताना शॉवर बंद केला आणि पुन्हा सोडला की आधी चटका, मग गार पाणी. असं का?

याची दोन कारणं आहेत, आणि बऱ्याच व्हॅनमध्ये दोन्ही एकदम असतात.

पहिलं कारण बटणाचं. हातातल्या शॉवरवरच बंद करायचं बटण असतं तेव्हा मागचे गरम आणि गार दोन्ही कॉक उघडेच राहतात. ज्या बाजूचा दाब जास्त, तिकडचं पाणी मिक्सरमधून दुसऱ्या लाइनमध्ये घुसतं. बटण दाबलं की ते घुसखोर पाणी आधी बाहेर येतं. यावर इलाज: मिक्सरच्या आधी गरम आणि गार अशा दोन्ही लाइनवर एकेक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. वरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, तेवढं बघून बसवा.

दुसरं कारण गॅस गिझरचं. प्रवाह थांबला की ज्योत विझते, पण आतली तांब्याची नळी तापलेलीच असते. तिच्यातलं पाणी चटका देतं. त्यामागून येतं ते ज्योत पुन्हा पेटेपर्यंतचं गार पाणी. याला एनआरव्हीचा उपयोग नाही. पहिला फवारा अंगावर न घेता हातावर घ्या, किंवा वर सांगितलेली बादली वापरा.

बटणाचा शॉवर नसेल तर संडासातला जेट स्प्रे शॉवर म्हणून लावणारे पुष्कळ आहेत. नवा, वेगळा लावला तर कल्पना चांगली आहे, कारण खटका सोडला की पाणी बंद. पण त्याची नळी सतत दाबाखाली ठेवायची नसते. मागे अँगल कॉक ठेवा आणि अंघोळ झाली की तो बंद करा. रात्री नळी फुटली तर सकाळपर्यंत टाकी गादीखाली रिकामी झालेली असते.

प्रवाह कमी केल्यापासून पंप धडधडतो, पाणी झटके देतं.

डायफ्रॅम पंपाला दाबाचा स्विच असतो. पंप मिनिटाला दहा लिटर देऊ शकतो आणि तुम्ही अडीच मागता. त्यामुळे दाब लगेच भरतो आणि पंप बंद होतो, क्षणात दाब उतरतो आणि पंप पुन्हा चालू. हे सेकंदाला दोन-तीनदा चालतं. आवाज तर होतोच, स्विचचे पॉइंटही जळतात आणि गॅस गिझर विझत-पेटत राहतो.

पंपानंतर लगेच लिटरभराचा छोटा प्रेशर टँक लावा. आतली हवा पंप ज्या दाबाला चालू होतो त्याहून किंचित कमी भरायची, साध्या सायकल पंपाने भरता येते. भरताना लाइनमधलं पाणी सोडून दाब शून्यावर आणायचा, नाहीतर मीटर खोटं दाखवतो. दुसरा पर्याय म्हणजे लहान पंप. गाडी धुवायला मिळणारा मिनिटाला पाच लिटरचा पंप दोघांना पुरतो.

गिझर कोणता घ्यावा?

आधी जिवाचं. गॅस गिझर व्हॅनच्या आत, बंद मोरीत कधीही लावू नका. घराच्या बाथरूममध्येही खिडकी बंद असताना गॅस गिझरने माणसं दगावली आहेत, आणि व्हॅनची मोरी त्याच्या पाव भागाचीही नसते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो; चक्कर आली हे कळेपर्यंत हातपाय चालत नाहीत. गिझर मागच्या दाराला बाहेरून टांगायचा, नळी आत घ्यायची आणि खिडक्यांपासून लांब ठेवायचा. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असू द्या.

आता पाण्याचं. बहुतेक गॅस गिझरना पेटायला मिनिटाला अडीच-तीन लिटर प्रवाह लागतोच. पाणी वाचवायला तुम्ही त्याच्या खाली गेलात की ज्योत लागत नाही. म्हणून गॅस गिझर असेल तर चकतीचं भोक २.२ मिलिमीटर ठेवा. आणखी एक गोष्ट फार कोणी सांगत नाही: गॅस मोठा ठेवून वर गार पाणी मिसळू नका. गार मिसळलं की गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं आणि तो विझतो. गॅस कमीत कमी ठेवा, गार कॉक पूर्ण बंद ठेवा आणि तापमान गिझरच्या चावीनेच जुळवा.

विजेचा १५ लिटरचा गिझर फक्त बाहेरची वीज मिळते तिथे परवडतो. २५ अंशांवरून ६० वर न्यायला सव्वासहाशे वॅट-तासांच्या आसपास वीज लागते, दोन किलोवॅटवर सुमारे अठरा मिनिटं. हेच बॅटरीवर केलं तर १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी. धाब्यावर जेवायला थांबलात तर विचारून प्लग लावा. साठ अंशांचं १५ लिटर पाणी गार मिसळून तीसेक लिटर अंघोळीचं होतं. बादलीत सोडायचा रॉड व्हॅनमध्ये नकोच. ओल्या पत्र्याच्या डब्यात, अर्थिंगचा भरवसा नसताना, तो जीव घेईल.

आणि सगळ्यात स्वस्त गिझर म्हणजे शेगडीवरचं पातेलं. पाणी २५ अंशांचं असेल तर पावणेदोन लिटर उकळतं आणि सव्वासहा लिटर गार मिळून ८ लिटर चाळीस अंशांचं होतं. वीस-बावीस ग्रॅम गॅस लागतो. डिसेंबरात महाबळेश्वरला टाकीतलं पाणी बारा अंशांवर आलेलं असेल तर उकळतं पाणी पावणेतीन लिटर घ्यावं लागेल. बादलीत आधी गार, मग उकळतं.

छतावर काळा पाइप बसवून उन्हात पाणी तापवता येईल?

येईल. ११० मिलिमीटरच्या दोन मीटर पीव्हीसी पाइपात सोळा-सतरा लिटर मावतं, म्हणजे दोन अंघोळी. काळा रंग द्या, दोन्ही टोकांना बूच, वर भरायला तोंड आणि खाली कॉक. बूच चिकटवल्यावर रात्रभर सुकू द्या. छत ते शॉवर एवढ्या उंचीला दाब नावापुरताच मिळतो, म्हणून मोठ्या भोकांचा शॉवर लावा किंवा पाणी बादलीत उतरवून घ्या. उन्हाळ्यात दुपारी ते हात भाजेल इतकं तापतं, तेव्हा आधी बोट लावून बघा. संध्याकाळी सहाच्या आत अंघोळ उरका. पाइपला लोकर-थर्मोकोल नसेल तर रात्री आठला सगळी मेहनत हवेत गेलेली असते.

शेतातला बॅटरीवरचा फवारणी पंप चालतो का?

चांगला चालतो, आणि तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. १६ लिटरची टाकी, १२ व्होल्टची बॅटरी, दाब तयार. फवारणीचा नोझल काढून लहान शॉवर लावा. टाकीत आठ लिटर कोमट पाणी भरून पंप दाराबाहेर टांगला की समुद्रावरून आल्यावर पाय धुवायलाही तोच.

फक्त नवाकोरा घ्या. एकदा औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी अंघोळीला वापरायचा नाही. प्लास्टिक आणि नळी औषध धरून ठेवतात.

साबण कोणता? आणि लांब केसांचं काय?

बोअरच्या जड पाण्यात साध्या वडीचा फेस होत नाही, उलट चिकट साका अंगावर बसतो आणि तो काढायलाच दोन लिटर जातात. बॉडीवॉश किंवा शाम्पूसारखं द्रव जड पाण्यातही फेसाळतं. मात्र घ्यायचं चमचाभर. पाणी जास्त लागतं ते बहुतेक वेळा साबण जास्त झाल्यामुळे.

नुसते कमरेपर्यंतचे केस धुवायला पाच-सहा लिटर धरा आणि तो दिवस टाकी भरायच्या आदल्या दिवशी ठेवा. प्रवासात डोक्याला तेल चोपडू नका. तेल लावलेलं डोकं दोनदा शाम्पू मागतं.

तेच पाणी गाळून पुन्हा शॉवरला फिरवलं तर?

परदेशात असे तयार शॉवर मिळतात. घरी करायचं तर तळाशी केसांची जाळी, मग पाच मायक्रॉनचा फिल्टर, कार्बन, यूव्ही आणि पुन्हा पंप. कागदावर सुंदर दिसतं. प्रत्यक्षात फेसामुळे पंपात हवा धरते, साबणाने फिल्टर काही दिवसांत चिकट होतो, आणि ओला फिल्टर तीन दिवस बंद व्हॅनमध्ये राहिला की कुबट वास सुटतो. पाच लिटरच्या अंघोळीत वाचवायला उरतंच किती? आमचं मत: नको. हेच सांडपाणी संडास फ्लश करायला वापरा, तेही त्याच दिवशी.

अंघोळीचं पाणी कुठे सोडायचं? मोरीला वास येतो.

दोघांचं रोजचं दहा-सोळा लिटर. गाडीखाली ४० लिटरची सांडपाण्याची टाकी असू द्या आणि ती गटारात किंवा धाब्याच्या शोषखड्ड्यात, विचारून, रिकामी करा. नदी, ओढा, तळं यांपासून निदान साठ मीटर लांब. 'ऑरगॅनिक' लिहिलेला साबणही पाण्यात सोडायचा नसतो.

वास येतो तो बहुधा नहाणी ट्रॅपमधलं (मोरीच्या तोंडाखाली वास अडवायला साचलेलं) पाणी घाटात हिंदकळून सांडल्यामुळे. निघताना ट्रॅपला रबरी बूच लावा. आणि पाणी तुंबत असेल तर आधी गाडी सपाट उभी आहे का ते बघा. मोरीचा उतार एका कोपऱ्याकडे असतो आणि गाडी नेमकी उलट कललेली असते.

टाकी कशाने साफ करायची?

५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, सुगंध किंवा रंग न मिसळलेलं, १०० लिटरला १०० मिलिलिटर. सगळ्या नळांतून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा, टाकी रिकामी करा, दोनदा साध्या पाण्याने धुवा. हंगामात दोनदा पुरे. ग्रामपंचायतीतली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर थेट टाकू नका; तिचा चुना तळाशी बसतो आणि पंपाची जाळी बुजवतो.

बोटीवर वेगळं काय?

भोवती पाणीच पाणी आहे, म्हणून क्रम उलटा. अंग भिजवणं आणि साबण समुद्राच्या पाण्यात, गोडं पाणी फक्त शेवटी खारटपणा काढायला. त्याला दीड-दोन लिटर पुरतात. साधी साबणाची वडी खाऱ्या पाण्यात फुटते, फेस देत नाही. शाम्पू चालतो. वडीच हवी तर निव्वळ खोबरेल तेलाचा साबण घ्या. तो खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, जुन्या जहाजांवर हाच असे. मीठ अंगावर वाळू देऊ नका. ओल्या अंगावरच गोडं पाणी घ्या आणि लगेच पंचाने पुसा, कारण वाळलेलं मीठ हवेतली ओल धरतं आणि टॉवेल, गादी सगळं चिकट होतं. बंदरात किंवा खाडीच्या तोंडाशी मात्र हे करू नका. तिथलं पाणी अंगावर घेण्यासारखं नसतं.

टाकी कुठे भरायची?

पेट्रोल पंप, मोठे धाबे, एमटीडीसीची रिसॉर्टं. स्वतःची दहा मीटर नळी, नळाच्या दोन-तीन मापांचे जोड आणि तोंडाला बारीक जाळी बरोबर ठेवा. पहिलं बादलीभर पाणी बाहेर सोडून रंग आणि वास बघा. मार्च ते जूनमध्ये मराठवाड्यात किंवा दुष्काळी पट्ट्यात ज्या गावाला टँकर येतो तिथे पाणी मागू नका, कोणी देऊ केलं तरी. आधीच्या शहरात टाकी काठोकाठ भरून निघा. काठोकाठ म्हणजे शंभर किलो वजन, तेव्हा टायरची हवा पण तिथेच बघून घ्या.